काम झालं, हे कोण ठरवतं?

[पडद्यावर टर्मिनल. ओळी भराभर सरकतात, अचानक थांबतात.]

पाचशे नमुन्यांचं विश्लेषण क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, सुरू आहे. प्रत्येक नमुन्यामागे दहा-बारा पायऱ्या. अर्ध्याहून जास्त काम झाल्यावर एका पायरीला मेमरी पुरत नाही आणि सगळंच बंद पडतं. आता पुन्हा सुरू करायचं, पण कुठून?

अशा पायऱ्यांची साखळी, म्हणजे पाइपलाइन, लिहायला आणि चालवायला वर्कफ्लो भाषा असतात. त्यातली एक निवडायला बसलं की बोलणं बहुतेक वेळा सिंटॅक्सवर, म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीवर, जातं. कुणाला पायथन हवी असते, कुणाला कंस आवडत नाहीत. हे वाद रंगतात खरे, पण सिंटॅक्सची सवय महिन्याभरात होते. त्रास पुढे होतो, तो वेगळ्याच गोष्टीचा: बंद पडलेलं काम पुन्हा सुरू केल्यावर ती भाषा कशाला ‘झालेलं’ धरते?

साध्या शेल स्क्रिप्टला, म्हणजे टर्मिनलच्या कमांडची नुसती यादी असलेल्या फाइलीला, यातलं काहीच कळत नाही. ती पहिल्या ओळीपासून पुन्हा पळते. मग आपण मध्ये अटी घालतो, फाइल असेल तर ही पायरी सोड म्हणून. अशा वीस-पंचवीस अटी झाल्या, की आपण स्वतःचंच एक वर्कफ्लो इंजिन, म्हणजे पायऱ्या चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतलेलं असतं, तेही कच्चं.

[जुन्या टर्मिनलचं दृश्य.]

या प्रश्नाचं एक जुनं उत्तर म्हणजे मेक, प्रोग्रॅम बांधायचं साधन. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिलं. नियम सरळ: इनपुट फाइल आउटपुटपेक्षा नवी असेल, तर ती पायरी पुन्हा चालवायची. (मेकचे नियम लिहायच्या मेकफाइलमध्ये कमांडआधी स्पेस नाही, टॅबच लागतो; त्या टॅबने किती जणांचा दिवस वाया घालवला असेल, ते सोडून देऊ.) प्रोग्रॅम कंपाइल करायला हा नियम छान चालतो. विज्ञानात मात्र तो तोकडा पडतो. डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना फाइलींच्या वेळा बदलल्या, तर मेकला सगळं शिळं वाटू शकतं. उलट एखाद्या साधनाची आवृत्ती बदलली, तर मेकला त्याचा पत्ताच नसतो. कमांड मध्येच कोसळून अर्धवट फाइल मागे राहिली, तर पुढच्या वेळी तीच फाइल पूर्ण झालेली म्हणून धरली जाऊ शकते. ते टाळण्याची सोय मेकमध्ये आहे, पण ती आपण सांगून चालू करावी लागते.

२०१२ मध्ये योहानेस कॉस्टर आणि स्वेन राहमान यांनी मांडलेल्या स्नेकमेकने मेकची विचारपद्धत पायथनमध्ये आणली. इथे आपण शेवटची फाइल मागतो आणि ते उलटं मागे जात जात कुठली पायरी आधी हवी ते शोधतं. फसलेल्या पायरीचं आउटपुट ते स्वतःच पुसून टाकतं. आवृत्ती ७.८ पासून ते फाइलच्या वेळेवरच थांबत नाही. कोड, पॅरामीटर, इनपुटची यादी, सॉफ्टवेअरचं वातावरण यांतलं काही बदललं तरी पायरी पुन्हा चालवतं. सगळा नकाशा फाइलींच्या नावांवर उभा असल्यामुळे वाचायला सोपं जातं. पण आउटपुटच्या फाइली किती निघणार हेच आधी माहीत नसेल, तर चेकपॉइंट, म्हणजे तिथवर चालवून पुढचा नकाशा नव्याने काढण्याच्या जागा, वापरावे लागतात, आणि तिथे ती सहजता बरीच कमी होते.

[आकृती: डावीकडून उजवीकडे वाहणारे ठिपके.]

नेक्स्टफ्लो या दुसऱ्या वर्कफ्लो भाषेची दिशा उलटी आहे. ते बार्सिलोनाच्या जीनोमिक रेग्युलेशन केंद्रात तयार झालं. त्यात डेटा चॅनेलमधून, म्हणजे पायऱ्यांना जोडणाऱ्या रांगांमधून, पुढे वाहतो आणि इनपुट हाती आलं की प्रोसेस, म्हणजे ती पायरी, चालू होते. प्रत्येक कामाचं इनपुट, स्क्रिप्ट आणि कंटेनर (लागणारं सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेलं गाठोडं) यांवरून एक हॅश, म्हणजे ओळखीचा सांकेतिक आकडा, निघतो, आणि त्या हॅशच्या नावाच्या फोल्डरमध्ये ते काम चालतं. रिझ्यूम, म्हणजे राहिलं तिथून पुढे चालव, म्हटलं की तोच हॅश शोधला जातो. म्हणून जागा मोकळी करायला कुणी तो वर्क फोल्डर उडवला, तर आधीचं सगळं काम नेक्स्टफ्लोच्या लेखी झालेलंच नसतं.

इथला खरा धोका मात्र दुसराच आहे. चॅनेलमध्ये माल कुठल्या क्रमाने येईल याची हमी नसते. जी पायरी आधी संपेल, तिचं आउटपुट आधी पुढे जातं. दोन चॅनेल नमुन्याच्या ओळखीवर न जोडता नुसत्या येण्याच्या क्रमावर जोडले, तर एका नमुन्याची फाइल दुसऱ्या नमुन्याच्या इंडेक्स फाइलशी जाऊन बसू शकते. त्रुटी दिसेलच असं नाही, आलेख सुद्धा नीट निघतो. नेक्स्टफ्लो निवडायचं असेल, तर गटात प्रत्येकाला हे माहीत हवं. नेक्स्टफ्लो ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभं आहे ती ग्रूव्ही नाही आली तरी एकवेळ चालेल.

कंटेनरचं म्हणाल, तर २०१७ मधल्या नेक्स्टफ्लोच्या शोधनिबंधात हेच दाखवलं होतं: तीच पाइपलाइन मॅकवर आणि लिनक्सवर चालवली तर उत्तरं थोडी वेगळी येतात, कंटेनरमध्ये चालवली तर जुळतात. आज कंटेनरची सोय जवळपास सगळ्यांकडे आहे. त्यावरून निवड करण्यात अर्थ उरलेला नाही.

सीडब्ल्यूएल ही कॉमन वर्कफ्लो लँग्वेज, तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१६ ची. ती एका इंजिनाला बांधलेली नाही, ते मानक आहे. वायएएमएल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक इनपुटचा प्रकार लिहायचा, म्हणजे हाताने लिहायला कंटाळवाणं काम. पण पाइपलाइन दुसऱ्या संस्थेकडे, दुसऱ्या इंजिनावर जाणार असेल, तर तो कंटाळा फेडून घेता येतो. पुन्हा सुरू करताना काय वाचेल हे मात्र इथे भाषा ठरवत नाही, इंजिन ठरवतं. ब्रॉड इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतून आलेल्या डब्ल्यूडीएल या वर्कफ्लो भाषेचंही तसंच. ती वाचायला सोपी, पण कॅश, म्हणजे आधी झालेल्या कामाचा साठा, सांभाळण्याचं काम क्रॉमवेलसारख्या इंजिनाचं.

जीवशास्त्राबाहेर चित्र बदलतं. हवामानाच्या अंदाजात तीच साखळी दर काही तासांनी फिरते आणि आजचा अंदाज कालच्या फेरीवर उभा असतो. त्यासाठी न्यूझीलंडमध्ये घडलेलं सिल्क (Cylc) हे इंजिन आहे. गुरुत्वीय लहरींच्या शोधात लायगो या वेधशाळेच्या डेटावर पेगॅसस हे वर्कफ्लो साधन वापरलं गेलं. अशा क्षेत्रांत शेजारचा गट जे वापरतो तेच घ्यावं, असं आमचं मत. अडल्यावर विचारायला माणूस असतो.

[पुन्हा टर्मिनल.]

निवड दोनांवर आली, की आपल्या पाइपलाइनमधल्या सगळ्यात किचकट तीन पायऱ्या दोन्हींत लिहून पाहा. चालू असताना मध्येच मारा, पुन्हा सुरू करा. मग एक पॅरामीटर बदला, एक इनपुट फाइल बदला, आणि कुठल्या पायऱ्या पुन्हा चालल्या ते पाहा. गरजेपेक्षा जास्त चालल्या, तर क्लस्टरचा वेळ गेला. कमी चालल्या, तर नव्या पॅरामीटरच्या नावाखाली जुनंच उत्तर शोधनिबंधात जाईल.