नाइट ड्युटीनंतरचा थिसिस

रात्रीचे तीन वाजलेत, लेबर रूममध्ये कळा सुरू झालेल्या एका बाईला ही नर्स सांगतेय, पडून राहू नका, थोडं चाला. सकाळच्या शिफ्टची सिस्टर मात्र तिलाच सांगणार, झोपून राहा. मग बरोबर कोण? हा किडा डोक्यात शिरला की निघत नाही, आणि रिसर्च मास्टर्सला बरेच जण असेच येतात. प्रमोशनसाठी येणारेही असतात, नाही असं नाही.

इथे लेक्चर-परीक्षा कमी, मुख्य काम थिसिस. एक प्रश्न, एक गाइड आणि तुम्ही.

पहिल्या मीटिंगला ही नर्स मोठ्ठा विषय घेऊन गेली, चालल्याने प्रसूती लवकर होते का. गाइड म्हणाल्या, आधी वाच. वाचलं तर उत्तर तयारच होतं! २०१३चा कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, त्यात २५ अभ्यास, ५ हजारांवर बायका, आणि उभं राहणाऱ्या-चालणाऱ्या बायकांचा प्रसूतीचा पहिला टप्पा (कळा सुरू झाल्यापासून गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा) साधारण १ तास २२ मिनिटांनी कमी. झालं, विषय गेला हातचा. दोन दिवस ती नुसती वैतागलेली होती.

मग खरा प्रश्न सुचला. हे माहीत असूनही बायका पलंगावरच का असतात? मॉनिटरच्या वायरमुळे, सलाइनमुळे, की चाला असं कुणी म्हणतच नाही म्हणून? हे मोजपट्टीने कळणारं नाही, बायकांशी बोलावं लागणार.

आणि इथे, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने अडवलं, अगदी बरोबर अडवलं. जी नर्स तुमची काळजी घेतेय तिलाच नाही कसं म्हणणार? त्यामुळे संमती दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, तीही भर कळांमध्ये नाही, आधी तपासणीला येतात तेव्हा, आणि नाही म्हटलं तरी ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगायचं. फॉर्म तीनदा परत आला.

आता इंटरव्ह्यू टाइप करणं सुरू आहे. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास सहज जातात, डोळे मिटायला लागलेत, आणि मध्येच एक बाई म्हणते, "उठू का असं विचारायचं होतं हो, पण सगळे घाईत होते." ती रेकॉर्डिंग थांबवते, मागे घेते, परत ऐकते.