कॅपची कड

दातावर बसवलेली कॅप पाहताना नजर जाते ती रंगाकडे आणि आकाराकडे. ती किती वर्षं टिकणार, हे मात्र बहुतेकदा ठरतं हिरडीजवळ, जिथे कॅप संपते आणि दात सुरू होतो. ही रेषा म्हणजे मार्जिन.

इथे फट राहिली की सिमेंट लाळेत हळूहळू विरघळतं, जंतू आत शिरतात आणि कॅपखालचा दात किडू लागतो. वरून काहीच दिसत नाही. किती फट चालेल? १९७१ साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी १२० मायक्रॉन ही मर्यादा सांगितली. मिलिमीटरच्या आठव्या भागाहूनही कमी. आजही तिचाच आधार घेतला जातो.

कड घडते ती कॅपसाठी डॉक्टर दात घासून त्याला आकार देतात तेव्हा. धातूच्या कॅपला गोलसर उताराचा चॅम्फर पुरतो, खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सिरॅमिक पातळ झालं की तडकतं, म्हणून त्याला बऱ्याचदा आतून गोलाई दिलेला, सुमारे एक मिलिमीटर रुंद शोल्डर, म्हणजे सपाट कट्टा देतात. सुरीच्या धारेसारखी निमुळती कड ठेवली तर दात कमी घासावा लागतो, पण ती नेमकी कुठे संपली हे कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये ओळखणं अवघड होतं.

आणि खरी अडचण इथेच आहे. टेक्निशियनला रुग्णाचं तोंड दिसत नाही, दिसतं फक्त माप, म्हणजे दाताचा घेतलेला ठसा. हिरडीतून रक्त आलं, हिरडी बाजूला सारायला घातलेला दोरा नीट बसला नाही, की मापात रेषा पुसट होते. मग डायवर, म्हणजे त्या मापावरून केलेल्या दाताच्या प्रतिकृतीवर, कड आखणारी लाल पेन्सिल अंदाजाने फिरते. स्कॅनरनेही सुटका नाही. रक्ताखालची कड कॅमेऱ्यालाही दिसत नाही. ‘माप पुन्हा घ्या’ असा लॅबमधून आलेला फोन नकोसा वाटतो. पण त्या टेक्निशियनचं ऐकावं.

कड हिरडीखाली किती न्यावी? शक्यतो नेऊच नये. हिरडी दाताला चिकटते तो पट्टा सरासरी दोन मिलिमीटरचा. कड त्यात घुसली की हिरडी सुजलेलीच राहते, हाडही झिजू शकतं.

कॅप पूर्ण खाली बसली नाही, तर दोष कडेचाच असेल असं नाही. शेजारच्या दाताशी संपर्क घट्ट असला, तरी ती वरच अडकते. म्हणून आधी फ्लॉसने तो संपर्क पाहायचा, मग कॅपची आतली बाजू, आणि नंतर प्रोब, म्हणजे टोकदार तपासणी-सळई. प्रोब दातावरून कॅपकडे आणि कॅपवरून दाताकडे, असा दोन्ही दिशांनी फिरवायचा. एकाच दिशेला अडकला तर पायरी आहे: कॅप बाहेर आली आहे किंवा आखूड पडली आहे. दोन्ही दिशांना अडकला तर फट. पायरी काही वेळा पॉलिश करून जाते. फट जात नाही, आणि सिमेंट भरून ती झाकूही नये. नवं माप घ्यावं.