पाणी दिलेला पत्रा

(दृश्य: भट्टीतून निघालेला पत्रा पाण्यात पडतो. चर्र आवाज.)

शुद्ध ॲल्युमिनियम हलकं खरं, पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं. पण पातळ पत्रा हातानंही वाकतो. त्याच्या भरवशावर पंख कसा उभारणार?

१९०६ साल. बर्लिनजवळ धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म पोलादासारखंच ॲल्युमिनियमला पाणी देऊन पाहत होता. सुमारे ४ टक्के तांबं, चिमूटभर मॅग्नेशियम; तापवलं, झटकन पाण्यात बुडवलं. तुकडा मऊच! असं सांगतात, की शनिवारी मोजणी अर्धवट राहिली. सोमवारी पुन्हा मोजलं, तर कुणी हात न लावता तुकडा कठीण झालेला.

त्यातून ड्युरॅल्युमिन हे मिश्रण आलं, आणि त्याच्या जोरावर १९१९ मध्ये युंकर्स एफ-१३ हे धातूचं प्रवासी विमान उडालं. तुकड्याच्या आत काय घडतं, ते मात्र १९३८ मध्ये क्ष-किरणांनी दिसलं. गिनिए आणि प्रेस्टन या दोन शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे दाखवलं. अचानक थंड झाल्यानं तांब्याचे अणू आत अडकतात, मग हळूहळू गोळा होऊन अणूभर जाडीचे थर धरतात. धातूचे पापुद्रे एकमेकांवरून घसरू पाहतात, ते तिथे अडतात.

कारखान्यात याची गंमतच होती. पाणी दिलेले रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, चक्क फ्रीजमध्ये ठेवत, म्हणजे ते कडक होणं लांबायचं. बाहेर काढले की भराभर ठोकायचे!

तांब्यानं ताकद दिली आणि गंजही. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवला. पुढे मिश्रणात जस्त आलं. १९३६ मध्ये जपानमध्ये तयार झालेला असा मिश्रधातू तिथल्या झीरो या लढाऊ विमानाच्या पंखाच्या मुख्य दांड्यात गेला; १९४३ मध्ये अमेरिकेत ७०७५ या क्रमांकाचा जस्ताचा मिश्रधातू आला. ताकद अफाट, पण सततचा ताण आणि दमट हवा एकत्र आली की तडे. उपाय उलटाच निघाला: धातू भट्टीत मुद्दाम जास्त 'मुरवायचा', थोडी ताकद सोडायची, तडे टाळायचे.

(दृश्य: खिडकीतून दिसणारा पंख.)

उडताना पंखाची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दाब सोसायला जस्ताचा कणखर मिश्रधातू बरा. ताणात मात्र बारीक तडा हळूच वाढत जातो, आणि ती वाढ रोखून धरणारा मिश्रधातू तांब्याचाच. म्हणून कित्येक प्रवासी विमानांत खिडकीतून दिसतो तो पत्रा जस्ताचा. खालचा, न दिसणारा, विल्मच्या घराण्यातला.