कोऱ्या चेकवरची सही

नमस्कार, श्रोतेहो. आंब्याचा हंगाम आटोपत आला की रत्नागिरी-देवगडकडे व्यापाऱ्यांचे चेक हातोहात फिरू लागतात. त्याच सुमाराला सुट्टी संपवून मुंबईला परतणारे चाकरमानी गावी सह्या केलेले कोरे चेक ठेवून जातात. गड्यांची मजुरी, फवारणीचा खर्च, अडीनडीला असावेत म्हणून. कृपा करून असे चेक ठेवू नका.

सही म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेला आदेश. सही बनावट असेल तर आदेशच नाही, आणि नक्कल कितीही हुबेहूब असली तरी तुमच्या खात्यातून पैसे वळते करायचा बँकेला अधिकार नाही. कॅनरा बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केलं, की खातेदाराने पासबुक वेळेवर तपासलं नाही एवढ्यावरून बँकेची जबाबदारी टळत नाही. कोऱ्या चेकचं मात्र उलटं. तिथे सही तुमचीच असते. पाच हजारांच्या जागी कोणी पन्नास हजार लिहिले, तर ते बँकेला कळणार कसं? मग तुमचं भांडण बँकेशी नाही, रक्कम लिहिणाऱ्याशी.

आता पाठीवरची सही. चेकवर ‘या धारक को’ छापलेलं असतं. ते खोडलं नाही तर चेक आणणाऱ्याला पैसे मिळतात, मागे कोणाचंही नाव लिहिलेलं असो. ते खोडून चेक दुसऱ्याला द्यायचा असेल तर मागे ‘अमुक यांना द्यावे’ असं लिहून मग सही करा. नुसती सही केलीत, तर तो पुन्हा ज्याच्या हाती त्याचा होतो. आणि ऑर्डर चेकच्या, म्हणजे ‘या धारक को’ खोडलेल्या चेकच्या पाठीवरची सही खोटी निघाली, तरी रीतसर पैसे देणाऱ्या बँकेला १८८१ च्या ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स’ (चेक-हुंड्यांच्या) कायद्याचं कलम ८५ संरक्षण देतं. पैसे घेणाऱ्याची नमुना सही तिच्याकडे नसतेच. म्हणून डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहा, म्हणजे पैसे ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जमा होतील. पैसे घेणाऱ्याचं खातं पतसंस्थेतच असेल, तर पन्नास हजारांपर्यंतचा असा चेक बँक पतसंस्थेच्या खात्यात जमा करू शकते.

चेक स्वतःच्या पेनाने लिहा. दुसऱ्याने पुढे केलेल्या पेनाची शाई पुसता येणारी असू शकते. नाव आणि आकड्यांपुढची मोकळी जागा रेघ ओढून बंद करा. पन्नास हजार किंवा त्याहून मोठ्या चेकचा तपशील ‘पॉझिटिव्ह पे’मध्ये बँकेला आधी कळवता येतो. आईवडिलांचा हात थरथरत असेल तर नमुना सही नव्याने द्यावी. सही जमतच नसेल तर अंगठा चालतो. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

खोट्या सहीचा संशय आला, तर त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या, वटलेल्या चेकची प्रत मागा आणि चेकबुकातून गहाळ झालेल्या पानांचे नंबर देऊन ‘स्टॉप पेमेंट’ करा.