छेदिकेची स्पर्शिका होताना

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईतल्या एका कॉलेजात मी एफवायच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवतो. एक्सच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह विचारलं, की ‘टू एक्स’ हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर असतं. पण हे टू एक्स कशाचं माप आहे, असं विचारलं की वर्ग चिडीचूप. मुलांचा यात दोष नाही. आपण त्यांना वक्र हलताना कधी दाखवलाच नाही.

म्हणून मी मोबाइल बाकावर काढायला सांगतो. जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर वर्गात फुकट वापरता येतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात ते सुरू केलं. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडेही आहेत.

एक्सच्या वर्गाचा वक्र काढायचा. त्यावर एक बिंदू पक्का, एक्स बरोबर १ पाशी. दुसरा त्याच्यापुढे एच अंतरावर. दोन्हींतून जाणारी रेघ, म्हणजे छेदिका. आता स्लायडरने एच कमी करत जायचं. दुसरा बिंदू पहिल्याकडे सरकत जातो, तशी छेदिका स्पर्शिकेकडे, म्हणजे वक्राला त्या बिंदूपाशी नुसत्या टेकणाऱ्या रेघेकडे झुकते. या स्पर्शिकेचा चढ म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. पण प्रत्येक वेळी, आधी चढाचा अंदाज वहीत लिहायचा. ही अट मी कधीच सोडत नाही. अंदाज न बांधता पाहिलं, तर ते नुसतं बघणं होतं.

एच १ असताना चढ ३. एच ०.१ केला, चढ २.१. ०.०१ केला, २.०१. कर्जतहून लोकलने येणारी एक मुलगी दोन बोटांनी वक्र मोठा करत राहिली आणि एकदम म्हणाली, “सर, हा तर सरळ झाला!” मग मी तिला मॉड एक्स, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकलेल्या एक्सचा, इंग्रजी व्हीसारखा आलेख दिला. शून्यापाशी तो कितीही मोठा केला तरी कोपरा तसाच राहतो. तिथे डेरिव्हेटिव्ह का नाही, हे मला सांगावंच लागलं नाही.

पुढच्या तासाला आम्ही तेच गणित पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केलं. दशांशचिन्हानंतर १५ शून्यं आणि मग १, एवढा बारीक एच घेतला. उत्तर आलं शून्य! संगणक साधारण १६ अंकच धरून ठेवतो. एवढासा एच १ मध्ये मिळवला तरी त्याच्या लेखी तो १ च राहतो.

“मग खरं कुणाचं?” मुलांनी विचारलं. मी खडू पुढे केला. कर्जतची मुलगी उठली. एक अधिक एच या सगळ्याचा वर्ग, त्यातून वजा एक, आणि उत्तराला भागिले एच. उरलं २ अधिक एच. तिने क्षणभर फळ्याकडे पाहिलं आणि एच शून्याकडे जातो असा बाण काढून शेजारी लिहिलं, २.