आषाढातले मेण

कडाक्याच्या थंडीच्या देशांत मधपाळ हिवाळाभर पेट्या उघडत नाहीत, कारण माश्या राणीभोवती घट्ट गोळा होऊन साठवलेल्या मधावर दिवस काढतात, आणि त्या मोकळ्या महिन्यांत तिथली माणसे सुतारकामात रमतात किंवा मेणबत्त्या ओततात. पुण्याच्या मधपाळाला मात्र हिवाळ्यात उसंत नसते. त्याचा रिकामा काळ येतो तो आषाढ-श्रावणात, जेव्हा मुळशी-भोरच्या डोंगरांवर पावसाची झड लागते, फुलांतला मकरंद धुऊन जातो आणि सातेरी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी, माश्या पेटीच्या दाराशीच थबकतात.

माश्यांना साखरेचा पाक पाजणे आणि पोळी पोखरणाऱ्या मेणकिड्यावर नजर ठेवणे एवढे झाले, की उरलेला दिवस हातांचा असतो. पडवीत रंधा फिरू लागतो. माश्या जिच्यात पोळे बांधतात ती मधपेटीतली लाकडी चौकट दिसायला साधी असली, तरी दोन पोळ्यांमध्ये आणि चौकट व भिंत यांमध्ये माशीला जाण्या-येण्यापुरतीच, म्हणजे सात ते नऊ मिलिमीटरच्या आसपास, वाट सोडावी लागते. ती कमी पडली तर माशी अडते आणि जास्त झाली तर ती त्या फटीत भलतेच पोळे बांधते. त्यामुळे हे काम विरंगुळ्याचे असले, तरी त्यातली चूक माशीला सोसावी लागते.

आम्हाला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते मेणाने. जुनी, काळवंडलेली पोळी फडक्यात बांधून पाण्यात उकळली, की मेण वर तरंगते आणि निवल्यावर त्याची पिवळी वडी निघते. लोखंडी भांड्यात ते काळे पडते, म्हणून जाणकार स्टीलचे पातेले वापरतात. साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळणाऱ्या या मेणात खोबरेल मिसळून घरोघरी ओठांचे मलम केले जाते. पुण्याच्या जुन्या घरांत करंड्याशेजारी मेणाची डबी असे, कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखले जाई, आणि ती डबी पुन्हा भरताना पाहणे आम्हाला मनापासून सुखावून गेले.

१९६२ पासून पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था कार्यरत आहे, आणि मधपाळाचे रीतसर प्रशिक्षण तिथे मिळते. पण मेण किती तापले हे नुसत्या वासावरून ओळखण्याची नजर मात्र अशाच पावसाळी दुपारी तयार होते.

वडीतले निवडक मेण षटकोनी ठशांच्या साच्यात दाबून पातळ मेणपत्रा केला जातो. पोळ्यातली सातेरीची घरे मेलिफेरा या विदेशी माशीच्या घरांपेक्षा लहान असल्यामुळे साचाही तिच्याच मापाचा लागतो. भाद्रपदात उघडीप मिळाली, की हे पत्रे नव्या चौकटींत बसतात, झाकण लागते, आणि काही दिवसांनी ते उचलून पाहिले तर जुन्या मेणावर माश्यांनी पांढऱ्याशुभ्र नव्या भिंती चढवायला घेतलेल्या असतात.