चढली नव्हती, साखर उतरली होती

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात हळदीची रात्र होती आणि मी पाहुणा म्हणून गेलो होतो. नवरीचे मामा पंचावन्नचे, साखरेसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे. दिवसभर मांडवात धावपळ, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही. संध्याकाळी गोळी मात्र आठवणीनं घेतली आणि मित्रांबरोबर प्यायला बसले. पंगत बसली रात्री अकराला. मामा जेवलेच नाहीत. जीभ जड झाली, झोकांड्या जाऊ लागल्या. ‘चढलीय, झोपू द्या’ म्हणत पोरांनी त्यांना ओसरीवर निजवलं.

पहाटे चारला मामी पांघरूण घालायला गेल्या. सदरा घामानं चिंब, हातपाय गार, हाकेला ओ नाही. मला उठवलं. बोटाला सुई टोचून पाहिली, साखर 38! बॅगेतलं ग्लुकोज शिरेतून दिलं. थोड्या वेळानं मामांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘हळद लागली का पोरीला?’ मामी तिथंच मटकन खाली बसल्या. तासाभरात साखर पुन्हा घसरली, म्हणून तालुक्याला हलवलं, दिवसभर सलाइनवर ठेवलं.

असं का झालं? आपण उपाशी असतो तेव्हा रक्तात साखर सोडतं ते लिव्हर. दारू आली की ते आधी दारूच्या मागे लागतं, नवी साखर बनवणं मंदावतं. गोळी किंवा इन्सुलिन तर साखर खाली ओढतच असतं. म्हणून उपाशीपोटी दारू नको. पुन्हा सांगतो, उपाशीपोटी नको. बिअरनं, कोल्ड्रिंक मिसळल्यानं साखर आधी वाढतेही, पण पुढे 24 तासांपर्यंत ती घसरू शकते. माझं विचाराल तर मधुमेह्यानं दारू सोडलेलीच बरी.

साखर उतरली की माणूस प्यायल्यासारखाच बरळतो, झोकांडतो. तेव्हा घाम पाहा, साखर तपासा. 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

मामांनी त्यानंतर दारूला हात लावला नाही. मामी मात्र अजूनही पहाटे चारला उठतात, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहतात आणि मग झोपतात.